लवादापुढे बाजू मांडताना : कच्छच्या रणाच्या निवाड्याचा बोध

दोन पक्षांत तंटा उद्भवला आणि तो परस्परांत मिटेना, म्हणजे उभयतांना मान्य अशा तिऱ्हाइताकडे जावे, त्याच्यापुढे आपापली बाजू मांडावी आणि तो देईल तो निर्णय शिरसावंद्य मानावा, ही पद्धत आपल्या देशाला नवीन नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे वाद नेताना वादी आणि प्रतिवादी या दोघांकडूनही प्रथम ‘राजीनामा’ लिहून घेतला जात असे. आजच्या अर्थाचा, म्हणजे पदत्यागाचा, तो राजीनामा नव्हे. ‘पंच करतील तो निर्णय आम्ही राजीखुशीने मान्य करू’ अशी ती लेखी कबुली असे. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई आणि आपली हार कागदावर मान्य करी. आरंभी संमती आणि अखेरीस स्वीकार, या दोन टोकांमध्ये पुराव्याची छाननी बसविलेली होती. आधुनिक लवादाची चौकटही मूलतः हीच आहे.

तथापि, लवादापुढे खटला चालतो म्हणजे प्रत्यक्षात काय होते, तेथे वकिलाला कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागते, त्याच्या वक्तृत्वाला महत्त्व किती आणि दप्तरातील कागदाला किती, याची स्पष्ट कल्पना फार थोड्यांना असते. न्यायालयाचे कामकाज उघड्यावर चालते. लवादाचे कामकाज बहुधा बंद दाराआड होते आणि लोकांसमोर येतो तो केवळ शेवटचा निवाडा. म्हणून एका गाजलेल्या लवादाच्या आधारे ही प्रक्रिया समजावून घेणे उपयुक्त ठरेल. हा लवाद म्हणजे भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कच्छच्या रणाचा, १९६५ ते १९६८ या काळात चाललेला लवाद होय. त्यातील बरेचसे कागद एके काळच्या मुंबई सरकारच्या दप्तरातील होते. आणि निवाड्याचा एक महत्त्वाचा भाग गुरे चारण्यासारख्या अगदी साध्या, ग्रामीण व्यवहारावर अवलंबून राहिला. या दोन कारणांमुळे आपल्या अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना तो विशेष जवळचा वाटावा.

वादाचा विषय

कच्छचे मोठे रण हा हजारो चौरस किलोमीटरचा खारट, सपाट प्रदेश आहे. पावसाळ्यात त्यावर पाणी पसरते. उरलेल्या काळात ते मिठाने पांढरे पडलेले माळ असते. मधूनमधून थोडी उंच जमीन आहे, तिला तेथे ‘बेट’ म्हणतात. काही बेटांवर गवत उगवते आणि आसपासचे गुराखी पिढ्यान्‌पिढ्या तेथे जनावरे घेऊन जातात.

रणाच्या दक्षिणेस कच्छचे संस्थान होते. उत्तरेस सिंध होता. १८४३ साली ब्रिटिशांनी सिंध जिंकला, १८४७ साली तो मुंबई इलाख्यास जोडला आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो मुंबईपासून वेगळा झाला. म्हणजे सुमारे ९० वर्षे सिंधचा कारभार मुंबईहून चालत होता. स्वातंत्र्यानंतर कच्छ भारतात विलीन झाले, १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्याचा भाग झाले. सिंध १९४७ सालीच पाकिस्तानात गेला होता. जी रेषा एका साम्राज्यातील एक इलाखा आणि एक संस्थान यांच्यातील सीमा होती, ती अशा रीतीने दोन सार्वभौम राष्ट्रांची सीमा बनली.

भारताचे म्हणणे असे की, संपूर्ण रण कच्छचे आहे आणि सीमा रणाच्या उत्तर कडेने जाते. पाकिस्तानचे म्हणणे असे की, सीमा रणाच्या मधून, साधारणतः २४व्या अक्षांशाच्या आसपास जाते आणि रणाचा उत्तर भाग सिंधचा आहे. वादग्रस्त प्रदेश सुमारे ३,५०० चौरस मैलांचा, म्हणजे अंदाजे ९,००० चौरस किलोमीटरचा होता. एप्रिल १९६५ मध्ये तेथे सशस्त्र संघर्ष झाला. ९ एप्रिल रोजी सरदार चौकीवर केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या जवानांनी पाकिस्तानी हल्ल्याला तोंड दिले. तो दिवस हे दल आजही शौर्यदिन म्हणून पाळते.

ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी दोन्ही देशांनी करार केला. त्यात युद्धबंदी होती आणि वाटाघाटींनी प्रश्न न सुटल्यास तो तीन सदस्यांच्या लवादाकडे सोपविण्याची तरतूदही होती. हा लवाद देईल तो निर्णय उभयपक्षी बंधनकारक राहील आणि कोणत्याही कारणास्तव त्याला आव्हान देता येणार नाही, असे करारात नमूद होते. मराठेशाहीतील राजीनाम्याचेच हे आधुनिक आंतरराष्ट्रीय रूप म्हणता येईल.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांत मोठे युद्ध झाले, तरीही हा करार मोडला नाही. युद्धाचा धुरळा पुरता खाली बसण्यापूर्वीच लवाद मंडळ सिद्ध झाले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये जिनिव्हा येथे त्याची पहिली बैठक भरली. रणभूमीवर एकमेकांसमोर उभी ठाकलेली राष्ट्रे पाच महिन्यांच्या आत एकाच सभागृहात नकाशे मांडून बसली, ही गोष्ट लवादाच्या पद्धतीचे सामर्थ्य दर्शविण्यास पुरेशी आहे.

लवाद कोण असावा

न्यायालयात न्यायाधीश कोण असावा हे पक्षकार ठरवीत नाहीत. लवादात ते ठरवितात. येथे अट अशी होती की, तिघांपैकी कोणीही भारताचा वा पाकिस्तानचा नागरिक असू नये. भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर यांचे नाव दिले. पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम यांना नेमले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद त्यांनी पूर्वी भूषविले होते. अध्यक्षाच्या नावावर एकमत न झाल्यामुळे करारातील तरतुदीनुसार संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस उ थांट यांनी स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन यांची निवड केली.

वकिलाच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. समोर बसलेल्या तिघांची कायद्याची परंपरा वेगवेगळी होती. पक्षाने नेमलेला सदस्य हा त्या पक्षाचा वकील नव्हे. त्यानेही निःपक्षपातीपणेच विचार करावयाचा असतो. सारा भार शेवटी ज्याच्यावर येतो तो अध्यक्ष अशा देशाचा होता की, तेथील माणसाला बर्फ परिचित, पण मिठाचे वाळवंट अपरिचित. रण म्हणजे काय, ते समुद्र आहे की जमीन, बेट म्हणजे काय, गुराखी किती दिवस तेथे राहतो, संस्थान आणि इलाखा यांचे नाते कोणत्या स्वरूपाचे होते, या आपल्याला सहज वाटणाऱ्या गोष्टी तेथे पहिल्यापासून समजावून सांगणे भाग होते. आपल्याला जे उघड वाटते ते ऐकणाऱ्यालाही उघड असेल असे गृहीत न धरणे, हा लवादापुढे उभे राहणाऱ्या वकिलाचा पहिला धडा होय.

भारतातर्फे बाजू मांडणाऱ्यांत मुंबईचे विख्यात विधिज्ञ नानी पालखीवाला हे होते. पाकिस्तानतर्फे तेथील माजी परराष्ट्रमंत्री आणि नामांकित वकील मंझूर कादिर उभे राहिले. दोघेही एकाच ब्रिटिश न्यायपरंपरेत वाढलेले आणि ब्रिटिश अमदानीतील एकाच दप्तराचे दोन परस्परविरोधी अर्थ लावणारे. पालखीवाला यांचे नाव तोपर्यंत प्रामुख्याने आयकर कायदा आणि राज्यघटना या विषयांशी जोडलेले होते. येथे मात्र कायद्याच्या कलमांइतकेच भूगोल, मोजणी आणि महसुली कारभार यांवर प्रभुत्व मिळविणे वकिलांना आवश्यक होते.

पहिला प्रश्न : अधिकार किती?

मूळ वादाकडे वळण्यापूर्वीच एक प्राथमिक प्रश्न उपस्थित झाला. लवादाने काटेकोर कायद्याप्रमाणे निर्णय द्यावयाचा, की कायदा बाजूस ठेवून आपल्या सदसद्विवेकाला रास्त वाटेल ती तडजोड सुचवावयाची? असा व्यापक अधिकार लवादाला आहे, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. भारताचा त्यास विरोध होता. दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे दिल्याखेरीज असा अधिकार लवादाला प्राप्त होत नाही आणि या करारात तो दिलेला नाही, असा निर्णय लवादाने दिला.

वरवर पाहता ही तांत्रिक बाब वाटेल. परंतु तीवर बरेच अवलंबून होते. तडजोडीचा अधिकार असता तर ‘निम्मे तुझे, निम्मे माझे’ असा मार्ग मोकळा झाला असता. तो बंद झाल्यामुळे पुराव्यालाच महत्त्व आले. लवादाचा अधिकार करारातून जन्मतो. करारात जे नाही ते लवादाला करता येत नाही. म्हणूनच कोणताही करारनामा लिहिताना त्यातील लवादाचे कलम छापील नमुन्यातील म्हणून न वाचता सोडून देणे धोक्याचे ठरते. वाद उत्पन्न झाल्यावर सर्वांत आधी वाचले जाते ते तेच कलम.

कागद आणि नकाशे

दोन्ही पक्षांनी प्रथम आपापल्या लेखी कैफियती आणि प्रतिपक्षाच्या कैफियतींना उत्तरे सादर केली. त्यानंतर १५ सप्टेंबर १९६६ रोजी तोंडी सुनावणी सुरू झाली आणि मधल्या काही सुट्या वगळता ती १४ जुलै १९६७ पर्यंत चालली. लवादाच्या एकूण १७१ बैठका झाल्या, त्यांचा वृत्तान्त १०,००० पृष्ठांहून अधिक भरला आणि सुमारे ३५० नकाशे पुराव्यादाखल सादर झाले. हे आकडे पाहिले म्हणजे अशा सुनावणीत वकिलाच्या स्मरणशक्तीची आणि चिकाटीची किती कसोटी लागत असेल, याची कल्पना येते. एखादे प्रभावी भाषण करून खटला जिंकावा असा हा प्रकार नव्हता. दहा महिन्यांपूर्वी प्रतिपक्षाने एखाद्या नकाशाविषयी केलेले विधान आज त्याने मांडलेल्या अर्थाशी विसंगत आहे, हे नेमके पान काढून दाखविणे, असे हे काम होते.

नकाशांचा पुरावा दिसतो तितका सोपा नसतो. नकाशावर रेषा आहे एवढ्याने सीमा सिद्ध होत नाही. ती रेषा कोणी काढली, कशासाठी काढली, काढणाऱ्यास सीमा ठरविण्याचा अधिकार होता की तो केवळ भूभागाची मोजणी करीत होता, मोजणीच्या वेळी स्थानिक अधिकाऱ्यांना विचारले होते काय, नंतरच्या नकाशांत तीच रेषा कायम राहिली काय, असे प्रश्न प्रत्येक नकाशामागे उभे राहतात. एकोणिसाव्या शतकातील मॅक्डोनल्ड आणि पुलन यांची मोजणी, विसाव्या शतकाच्या आरंभीची अर्स्किन यांची मोजणी आणि पुढे ऑस्मास्टन यांची मोजणी, अशा निरनिराळ्या काळांतील सर्वेक्षणांची याच दृष्टीने छाननी झाली. अनेक अधिकृत नकाशांत सीमा रणाच्या उत्तर कडेने दाखविलेली होती, हा भारताच्या बाजूचा मोठा आधार होता.

त्याच्या जोडीला इलाख्याचे आणि संस्थानाचे वार्षिक अहवाल, गॅझेटियर, अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार आणि सरकारी ठराव होते. काही जुन्या वर्णनांत कच्छचे क्षेत्रफळ ‘रण वगळून’ दिलेले असे. यावरून रण कच्छचे नव्हतेच असा अर्थ पाकिस्तानने काढला. उलट, जेथे वस्ती नाही आणि शेतसारा नाही असा प्रदेश क्षेत्रफळाच्या हिशोबात न धरणे ही कारकुनी सोय असू शकते, त्यामुळे मालकी नष्ट होत नाही, असे उत्तर त्यास संभवते. एखाद्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी तक्त्याखाली लिहिलेल्या दोन शब्दांवर दोन राष्ट्रांचे विद्वान वकील जिनिव्हात वाद घालीत होते. आपण लिहिलेला शेरा कोणाच्या हाती आणि कोणत्या प्रसंगी पडेल हे लिहिणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.

मुंबई सरकारच्या २४ फेब्रुवारी १९१४ च्या ठरावाचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. कोरी खाडीच्या परिसरात सिंध आणि कच्छ यांच्यात जळाऊ लाकडाच्या निमित्ताने तंटा निर्माण झाला होता. तो तडजोडीने मिटवून या ठरावाने आणि सोबतच्या नकाशाने पश्चिमेकडील सीमेचा एक भाग निश्चित केला आणि पुढे त्याप्रमाणे जमिनीवर खांबही रोवण्यात आले. लवादापुढे दोन्ही देशांनी हा भाग निर्विवाद मानला; प्रश्न उरला तो त्याच्या पूर्वेकडील सीमेचा. जेथे ठराव, नकाशा आणि जमिनीवरील खांब ही तिन्ही एकमेकांशी जुळत होती, तेथे अर्धशतकानंतरही वाद राहिला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर क्रीक या खाडीचा वाद मात्र या लवादाच्या कक्षेत नव्हता आणि तो अद्यापि सुटलेला नाही.

समुद्र की जमीन?

रण हे स्वरूपतः समुद्रासारखे वा सरोवरासारखे आहे आणि म्हणून दोन किनाऱ्यांच्या मधोमध सीमा मानावी, असा युक्तिवाद पाकिस्तानने केला. रण ही दलदलीची असली तरी जमीनच आहे, असे भारताचे प्रतिपादन होते. नामकरणावरचा हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. वस्तूला कोणते नाव दिले यावर तिला कोणता नियम लागू होणार हे ठरत असल्यामुळे लवादापुढील सुनावणीत व्याख्या हेच अनेकदा खरे रणक्षेत्र असते. मधली रेषा काढण्याची ही कल्पना लवादाच्या बहुमताने स्वीकारली नाही.

निवाडा

१९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा जाहीर झाला. तिघांची मते तीन प्रकारची होती. बेब्लर यांनी भारताचा दावा संपूर्णपणे मान्य केला. इंतेझाम यांचा कल सुरुवातीस पाकिस्तानच्या बाजूने होता; तथापि अध्यक्षांचे मतपत्र वाचल्यावर त्यांनी त्यास आपली सहमती दिली आणि बहुमत सिद्ध झाले. या बहुमतानुसार वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नऊ-दशांश भाग भारताचा ठरला. सुमारे ३५० चौरस मैल, म्हणजे अंदाजे ९०० चौरस किलोमीटर प्रदेश पाकिस्तानला मिळाला. त्यात कांजरकोट, धारा बन्नी, छाड बेट आणि नगर पारकरजवळ आत शिरलेले रणाचे दोन फाटे यांचा समावेश होता.

रण कच्छचे असल्याचे संस्थानाने सांगितले होते. ब्रिटिश सत्तेने ते खोडून काढले नव्हते, उलट आपल्या नकाशांतून आणि वर्तनातून त्याला एक प्रकारे मान्यताच दिली होती. अध्यक्षांच्या निष्कर्षाचा मुख्य आधार हा होता. मग धारा बन्नी आणि छाड बेट भारताच्या हातून का गेले? येथेच या निवाड्याचा, आपल्या वाचकांच्या दृष्टीने, सर्वांत बोधप्रद भाग येतो.

या उंचवट्यांवर चांगले गवत होते. सिंधकडील लोक शंभराहून अधिक वर्षे तेथे गुरे चारीत होते. केवळ गुराखी जातात म्हणून भूमी त्या राज्याची होत नाही, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम भारताच्या बाजूचा होता. परंतु अध्यक्षांनी असा विचार मांडला की, शेती आणि पशुपालन हाच जेथे जीवनाचा आधार आहे, तेथे प्रजेची चराई आणि राज्याचा अधिकार यांच्यामध्ये फार पक्की भिंत उभारता येत नाही. अशा भूमीपासून मिळणारा मुख्य लाभ म्हणजे चराईच आणि तिचे नियमन हेच तेथील राज्यसत्तेचे मुख्य प्रकट रूप. सिंधच्या बाजूने या चराईकडे, तेथील बंदोबस्ताकडे आणि गुन्ह्यांच्या तपासाकडे सातत्याने लक्ष पुरविले गेल्याचा पुरावा त्यांना सबळ वाटला. कच्छच्या बाजूने तेथे प्रत्यक्ष आणि परिणामकारक अंमल चालविल्याचा पुरावा त्या मानाने अपुरा ठरला.

म्हणजे संपूर्ण रणाच्या बाबतीत नकाशे आणि मोठ्या अधिकाऱ्यांचे कागद कामी आले, पण या कुरणांच्या बाबतीत प्रश्न विचारला गेला तो असा : तेथे चौकीदार कोणाचा जात होता? चराईची वसुली कोण करीत होता? चोरी झाली तर पंचनामा कोणाचा शिपाई करीत होता? राजधानीतील ठरावापेक्षा माळावरच्या शिपायाच्या डायरीला येथे अधिक वजन आले.

नगर पारकरजवळच्या दोन फाट्यांच्या बाबतीत कारण वेगळे होते. ते तिन्ही बाजूंनी पाकिस्तानी प्रदेशाने वेढलेले असल्यामुळे दुसऱ्या देशाकडे राहिल्यास नित्य संघर्षाचे निमित्त होतील आणि तसे करणे न्याय्य ठरणार नाही, असे अध्यक्षांचे मत पडले. तडजोडीचा अधिकार नाकारणाऱ्या लवादानेच येथे न्याय्यतेचा आधार घेतला, अशी टीका भारतात झाली. न्याय्यतेची तत्त्वे ही आंतरराष्ट्रीय कायद्याचाच एक भाग आहेत, अशी लवादाची भूमिका होती. कायद्यातील न्याय्यता कोठे संपते आणि तडजोड कोठे सुरू होते, हा प्रश्न विधिज्ञांत आजही चर्चिला जातो.

निवाड्यानंतर

निवाड्याने देशात असंतोष निर्माण झाला. संसदेत कडाडून टीका झाली. तथापि, आधी दिलेले वचन पाळणे शासनाने आपले कर्तव्य मानले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. याचिका करणाऱ्यांत मूळचे पुण्याचे असलेले संसदपटू मधु लिमये हेही होते. भारताचा प्रदेश घटनादुरुस्तीखेरीज परकीय राष्ट्रास देता येत नाही, असा याचिकाकर्त्यांचा मुद्दा होता आणि १९६० सालच्या बेरुबारी प्रकरणातील न्यायालयाच्या अभिप्रायाचा त्याला आधार होता. जानेवारी १९६९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. निश्चितपणे आपला असलेला प्रदेश देऊन टाकणे आणि मुळातच अनिश्चित असलेली सीमा लवादाकडून निश्चित करून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी सीमेची आखणी पूर्ण झाली.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राच्या कारभारात ‘लवाद’ हा शब्द वारंवार कानी पडतो. कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपाचा बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला. त्याने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले. काटेकोरपणे पाहता ते १९५६ च्या कायद्याखालील न्यायाधिकरण होते, पक्षकारांनी आपखुशीने नेमलेला लवाद नव्हे. परंतु तेथेही वकिलांच्या युक्तिवादाला आधार होता तो बंधाऱ्यांच्या, पर्जन्यमानाच्या आणि प्रत्यक्ष पाणीवापराच्या नोंदींचाच.

रस्ते, इमारती, पाणीपुरवठा यांच्या कंत्राटांतील वादांना १९९६ चा लवाद व समेट कायदा लागू होतो. १९४० चा जुना कायदा त्याने रद्द केला. त्यातील काही गोष्टी अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेचे आणि पुराव्याच्या कायद्याचे बंधन लवादावर नसते. याचा अर्थ पुरावा नको असा नव्हे, तर प्रत्येक समकालीन कागदाला तेथे महत्त्व येऊ शकते असा आहे. लवाद निवाडा कसा करतो हे पक्षकारांनी वेगळे न ठरविल्यास त्याला कारणे नमूद करावी लागतात. निवाडा केवळ चुकीचा वाटतो म्हणून न्यायालय तो रद्द करीत नाही. त्यासाठी कायद्यात दिलेली मर्यादित कारणेच चालतात. अर्ज करण्याची मुदत निवाडा हाती आल्यापासून तीन महिन्यांची असते. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालय आणखी केवळ तीस दिवस देऊ शकते. नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि मुदत टळली, तर उत्तमातला उत्तम वकीलही काही करू शकत नाही. निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते आणि तिचा भार अखेर सार्वजनिक पैशावर पडतो.

म्हणून खरी तयारी सुनावणीच्या दिवशी सुरू होत नाही. काम चालू असताना मोजमाप पुस्तिकेत त्याच दिवशी केलेली नोंद, जागा ताब्यात दिल्याच्या तारखेचा कागद, कामास झालेल्या विलंबाचे कारण नोंदविणारे पत्र, कंत्राटदाराच्या पत्राला वेळेवर दिलेले उत्तर, हीच सामग्री पुढे वकिलाच्या हाती लागते. मागाहून तयार केलेला खुलासा कितीही चांगल्या भाषेत लिहिलेला असला, तरी त्या दिवशी लिहिलेल्या एका ओळीची सर त्याला येत नाही. ग्रामपंचायतीच्या बाबतीतही हेच खरे आहे. गायरान, पाणवठा, वहिवाटीची वाट, शाळेची जागा यांच्या सीमा गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात आणि म्हणूनच त्या लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासत नाही. जाणत्या पिढीबरोबर ती माहितीही जाते. ठराव, नकाशा आणि जागेवरील खूण ही तिन्ही जुळती ठेवली आणि वापराची व वसुलीची नोंद वर्षानुवर्षे अखंड राखली, तर पुढचे अनेक तंटे उद्भवणारच नाहीत.

शिक्षकांनी हा विषय वर्गात इतिहास आणि भूगोल या दोन्ही तासांना घेण्यासारखा आहे. सीमा म्हणजे नकाशावरची रेषा नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर, कारभार आणि त्याची नोंद यांची ती गोळाबेरीज असते, हे विद्यार्थ्यांना यातून उमजेल.

जिनिव्हात उभ्या राहिलेल्या वकिलांनी आपल्या बुद्धीची पराकाष्ठा केली. परंतु त्यांच्या हाती जे कागद होते, ते त्यांच्या जन्माच्याही आधी कोणा मोजणीदाराने, मामलेदाराने, पोलिस शिपायाने लिहिले होते. आणि जे कागद नव्हते, ते लिहिण्याचे कोणाकडून तरी राहून गेले होते. धारा बन्नी आणि छाड बेट येथील गवत आज सीमेच्या पलीकडे उगवते. आपल्या टेबलावरची आजची नोंद कंटाळवाणी वाटली, म्हणजे त्या कुरणांची आठवण करावी.